घरच्या बरणीतली वाईन : फ्लॅटमध्ये हौस, पाड्यावर गुन्हा?

वसई : पाच लिटरची चिनी मातीची बरणी. दीड किलो काळी द्राक्षं, किलोभर साखर, उकळून गार केलेलं अडीच लिटर पाणी, मूठभर गहू, चार-पाच लवंगा आणि बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेलं चमचाभर यीस्ट. तोंडाला स्वच्छ फडकं बांधायचं, रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचं, एकवीस दिवसांनी गाळायचं. पहिल्यांदा घरी वाईन करून बघणाऱ्याला एवढंच सामान लागतं. व्हिडिओ मोबाईलवर शेकड्याने आहेत. यीस्ट, नळ्या, हवाबंद झाकणं असं सगळं ऑनलाईन मागवलं की दोन दिवसांत दारात येतं.

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वस्तीत अशी बरणी ठेवली तर कुणाला पत्ताही लागत नाही. बिल्डिंगामागे बिल्डिंग, दार बंद केलं की शेजारच्याला शेजारचा माहीत नाही. डिसेंबर आला की ‘होममेड वाईन, ऑर्डर घेतो’ असे स्टेटस मात्र फिरायला लागतात. लोणचं, चकली, केक यांच्या रांगेत वाईनचीही बाटली दिसते. करणाऱ्याला वाटतं, घरचंच आहे, फळांचंच आहे, यात काय वावगं?

वावगं आहे की नाही हा वेगळा मुद्दा. बेकायदा मात्र आहे. आणि ते तसं का आहे हे बघायला गेलं तर गोष्ट एव्हरशाईन सिटीच्या किचनमध्ये थांबत नाही. ती जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, बहाडोलीच्या जांभळांपर्यंत आणि डहाणूच्या चिकूवाड्यांत जाते.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात दारूबंदी कायदा आहे, हेच अनेकांना माहीत नसतं. नाक्यानाक्यावर दुकानं असताना दारूबंदी कुठली, असं कुणीही विचारेल. पण कायद्याचं नावच ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९’ आहे. पूर्वी त्याला ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ म्हणत. या कायद्याची रचना उलटी आहे. आधी सगळ्याला बंदी, मग परवाना असेल त्याला सूट. दुकानाला परवाना, कारखान्याला परवाना, प्यायलाही परवाना. बारमध्ये बसून पिणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे न विचारलेलं बरं.

कलम १२ दारू तयार करायला मनाई करतं. कलम १३ त्याच्याही पुढे जातं. दारू तयार करण्यासाठी साहित्य, भांडी, उपकरणं वापरायला किंवा जवळ ठेवायलाही तिथे मनाई आहे. शिक्षा कलम ६५ खाली, त्यात कैद आणि दंड दोन्ही आहेत.

पण वाईन म्हणजे दारू का? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा याच प्रश्नावर सगळं राज्य भांडत होतं. एक बाजू म्हणत होती, ती शेतकऱ्याच्या द्राक्षांची वस्तू आहे. दुसऱ्या बाजूने अण्णा हजारे उपोषणाला बसायच्या तयारीत होते. टीव्हीवरचा वाद काहीही असो, कायद्याच्या व्याख्येत शंकेला जागा नाही. स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव, सगळं ‘मद्य’ या एकाच शब्दात बसवलेलं आहे. किती टक्के अल्कोहोल, किती लिटर, विकायला की घरी प्यायला, असा भेद त्या व्याख्येत नाही.

म्हणजे एव्हरशाईन सिटीतल्या ओट्याखालची ती बरणी, स्वतःपुरती केली तरी, कायद्याच्या कक्षेत येते. विकायला काढली की प्रकरण आणखी गंभीर होतं, कारण विनापरवाना विक्री हा वेगळा गुन्हा आहे आणि स्टेटसवर टाकलेली जाहिरात हा आयता पुरावा.

गंमत अशी की मेडिकलच्या दुकानात मिळणारं द्राक्षासव हेही द्राक्षं आंबवूनच केलेलं असतं. त्याच्या बाटलीवर ‘स्वयंजनित अल्कोहोल’ असं छापलेलं असतं. ते औषध म्हणून परवानाधारक कंपनी बनवते, म्हणून चालतं.

बरणीत होतं काय?

नवख्या माणसाला वाटतं, वाईन करणं म्हणजे काही तरी रसायनाचं काम. खरं तर काम माणूस करतच नाही, यीस्ट करतं. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बुरशी. ती साखर खाते आणि दोन गोष्टी सोडते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. एक किलो साखर पूर्ण आंबली तर साधारण अर्धा किलो अल्कोहोल आणि अडीचशे लिटरहून जास्त वायू तयार होतो. एका मोठ्या पिंपापेक्षाही जास्त. बहुतेक अपघात या वायूमुळे होतात. बरणीचं झाकण गच्च लावलं, किंवा आंबणं पुरतं थांबायच्या आत वाईन काचेच्या बाटलीत भरून बूच ठोकलं, की आत दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. काचा भिंतीत घुसतात. घरात लहान पोर असेल तर काय होईल, याचा विचार व्हिडिओवाले सांगत नाहीत.

साखर जास्त घातली म्हणून वाईन ‘कडक’ होते हाही एक गैरसमज. बेकरीचं साधं यीस्ट अल्कोहोल दहा-बारा टक्क्यांच्या आसपास पोचलं की स्वतःच मान टाकतं. उरलेली साखर तशीच राहते. म्हणून घरची वाईन बहुतेक वेळा गोड लागते. गोड लागते म्हणून ती सरबतासारखी प्यायली जाते आणि चढली की कळतं.

वसईच्या हवेचाही त्रास आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पारा तेहतीस-चौतीसला गेला की आंबणं झपाट्याने होतं, चव बिघडते. फडकं सैल राहिलं तर चिलटं आत शिरतात, त्यांच्यासोबत व्हिनेगर करणारे जिवाणू येतात आणि वाईनचा आंबट शिरका होतो. पहिल्यांदा करणाऱ्या अनेकांचं हेच होतं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियमच्या भांड्यात केलं तर फळातलं आम्ल धातू खातं, ते वेगळंच. काच, चिनी माती किंवा स्टील एवढंच त्यासाठी बरं.

आणि नाताळसाठी करायची तर आणखी एक अडचण. नाताळला वाईन हवी तर बरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच भरावी लागते आणि नाशिकच्या द्राक्षांचा खरा हंगाम त्यानंतरचा. म्हणून जाणत्या घरांत ताज्या द्राक्षांऐवजी काळ्या मनुका वापरतात, नाही तर फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं स्वस्त असताना करून ठेवतात आणि डिसेंबरपर्यंत हात लावत नाहीत. वाईन जितकी थांबते तितकी निवळते.

वसईला हे नवं नाही

वसई पश्चिमेच्या ख्रिस्ती गावांत नाताळच्या फराळाबरोबर घरची वाईन ठेवायची रीत जुनी आहे. कुपारी, ईस्ट इंडियन घरांत आजीच्या वहीत फुग्यांची, कुलकुलांची कृती असते तशी वाईनचीही असते. द्राक्षांची, मनुकांची, जांभळांची, आल्याची, बिटाचीसुद्धा. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीज इथे होते, त्यांच्या टेबलावर वाईन असायची. पण फळ-फूल-रस आंबवायची विद्या त्यांनी आणली असं म्हणणं म्हणजे इथल्या लोकांवर अन्याय. ताडी त्याच्या आधीपासून होती, मोह तर त्याहून आधीपासून.

धार्मिक विधीला लागणाऱ्या मद्यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. सणाला घरी पाहुण्यापुढे ठेवायच्या पेल्यासाठी मात्र नाही. तरी या घरांत डिसेंबरात कुणी झडती घ्यायला जात नाही, कारण त्यातून कुणाला त्रास होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. केरळमध्ये मात्र डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या अबकारी खात्याने परिपत्रक काढून बजावलं की घरी वाईन बनवणं हा गुन्हा आहे. ऐन नाताळच्या तोंडावर तिथे मोठा गहजब झाला. म्हणजे डोळेझाक ही कायद्याने दिलेली सूट नव्हे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर चाललेली गोष्ट आहे. मर्जी कधीही फिरू शकते.

आणि पाड्यावर?

पाड्यावर ही मर्जी नसते. मार्च-एप्रिलमध्ये जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या जंगलपट्ट्यात पहाटे मोहाची फुलं टपटपतात. बायका-पोरं अंधारातच टोपल्या घेऊन जातात. फुलं वाळवून ठेवतात. त्यांची भाजी होते, भाकरीत घालतात, गुरांना देतात. आणि काही फुलं आंबवून त्यांची दारू गाळतात. लग्नाला, देवाला, पाहुण्याला ती लागते. वारल्यांच्या, कोकण्यांच्या कित्येक विधींत मोहाच्या थेंबाशिवाय काम पुढे सरकत नाही.

यावर सरकारची नजर पडली ती इंग्रजांच्या काळात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारी मक्त्याखाली आलं, ताडाच्या झाडावर कर बसला. त्यावरही भागलं नाही म्हणून १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाण्यातच होता. म्हणजे इथल्या आदिवासीने स्वतःच्या अंगणातल्या झाडाखालची फुलं वेचून साठवणं यावरच बंधनं आली. हेतू लोकांची व्यसनं सोडवायचा नव्हता. मक्तेदाराच्या दारूचा खप आणि सरकारचा महसूल सांभाळायचा होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला आणि आता हेतू व्यसनमुक्तीचा झाला, पण फुलांवरची बंधनं राहिली. ती उठायला २०२१ साल उजाडलं. त्या वर्षी राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं काढली. फुलं मोकळी झाली. फुलांची दारू नाही झाली.

आता प्रामाणिकपणे एक फरक मान्य करायला हवा. वाईन आंबवतात, मोहाची दारू आंबवून मग गाळतात, म्हणजे उकळून वाफ थंड करतात. गाळलेली दारू वाईनपेक्षा कितीतरी जास्त कडक असते, चुलीवर आग लागायचा धोका असतो आणि ती पिऊन संसार मोडलेली घरं प्रत्येक गावाने बघितली आहेत. खाडीकाठच्या तिवरांत पिंपाच्या पिंपं भरून चालणाऱ्या हातभट्ट्या हा तर सरळ धंदा आहे, त्याचा मोहाशी काही संबंध नाही. तिथे गूळ, नवसागर आणि काय काय जातं. त्या भट्ट्यांवर छापे पडायलाच हवेत. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उतरणाऱ्या बायकांना विचारा, त्या सांगतील का ते.

पण कायदा हा फरक करतो का? कलम १२ समोर तिवरातलं दोनशे लिटरचं पिंप, मोखाड्यातल्या घरातलं पूजेपुरतं मडकं आणि एव्हरशाईन सिटीतली पाच लिटरची बरणी तिन्ही सारखीच. फरक पडतो तो पुढे, कोणाच्या दाराशी जीप थांबते यात. पाड्यावर दार उघडं असतं, धूर दिसतो, वास येतो आणि वकील मिळत नाही. सोसायटीत वॉचमन आहे, इंटरकॉम आहे.

जीव कशाने जातो

घरची वाईन प्यायल्याने माणूस मरतो का, हा प्रश्न दर वेळी येतो, कारण विषारी दारूच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. तिथे विष होतं ते मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरायचा अल्कोहोल. दिसायला, वासाला दारूसारखाच, भावाला स्वस्त. तो पिणाऱ्याची आधी दृष्टी जाते, मग जीव.

फळं आंबवताना फळाच्या सालीतल्या पेक्टिनमधून मिथेनॉल तयार होतो खरा, पण फारच थोडा. साध्या वाईनमधला मिथेनॉल माणसाला मारत नाही. मोठ्या दुर्घटना घडतात त्या बाहेरून मिथेनॉल मिसळल्याने, आणि ते मिसळतो तो विकणारा. घरी स्वतःच्या पाहुण्यासाठी करणारा मिसळत नाही, त्याला ते करायचं कारणच नाही.

म्हणूनच अनोळखी माणसाकडून, स्टेटस बघून, लेबल नसलेली बाटली विकत घेणं हा घरी करण्यापेक्षा मोठा धोका आहे. ‘होममेड’ लिहिलं म्हणून आत काय आहे ते कळत नाही. कडक वाटावी म्हणून त्यात स्वस्त स्पिरिट ओतलेलं असू शकतं. पिऊन काही तासांनी डोळ्यांपुढे धुकं आलं, पोटात मुरडा आला, श्वास जोरात चालायला लागला तर झोपू द्यायचं नाही. लिंबूपाणी, दही असले उपाय करत बसायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं आणि काय प्यायलं ते डॉक्टरला लपवायचं नाही. मिथेनॉलवर उतारा आहे, पण वेळेत दिला तर.

फळं सडतात, परवाना मिळत नाही

या सगळ्यात पालघर जिल्ह्याचा पैशाचा प्रश्न अडकला आहे. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. टपोरं, गरदार जांभूळ. पण जांभूळ झाडावरून उतरलं की दोन-तीन दिवसांचं पाहुणं. पिकतं तेव्हाच पाऊस दारात उभा. एक जोराची सर आली की फळ खाली, चिखलात. मुंबईच्या बाजारात वेळेत पोचलं तर पैसे, नाही तर काही नाही.

डहाणू-घोलवडच्या चिकूची तीच कथा. मानांकन त्याला २०१६ मध्येच मिळालं. आवक वाढली की भाव असा पडतो की तोडणीची मजुरी निघत नाही.

या फळांची वाईन होते का? होते, आणि झाली आहे. डहाणू तालुक्यात बोर्डीच्या हिल झिल वाईन्सने चिकूची वाईन काढून ‘फ्रुझान्ते’ नावाने बाजारात आणली. चिकूत आंबटपणा कमी, चीक जास्त, त्यामुळे त्याची वाईन करणं द्राक्षापेक्षा अवघड. तरी जमलं. मग गावागावात का होत नाही?

कारण परवान्याची पायरी उंच आहे. वाईन बनवायची तर बिअर आणि वाईन निर्मितीचे १९६६ चे नियम लागू होतात. ते कारखाना डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. जागा, आराखडा, साठवणुकीचा हिशेब, खात्याची देखरेख. दहा गुंठे वाडी असलेला शेतकरी किंवा पंधरा बायकांचा बचतगट त्यात कुठे बसणार? राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून वाईनला सवलती दिल्या, त्याने नाशिक वाढलं. चांगलंच झालं. जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवताना सरकारने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा धान्यापासूनच्या दारूचा नवा वर्गही तयार केला, तो इथल्या कारखान्यांसाठी. कारखान्यासाठी नवा वर्ग काढता येतो, म्हणजे नियम काही दगडावरची रेघ नाहीत. लहान हातांसाठी एक वर्ग काढायला कायदा आडवा येत नाही, इच्छाशक्ती येते.

दुसऱ्या राज्यांनी वाट काढली आहे. ज्या केरळने २०१९ मध्ये नाताळच्या वाईनवर डोळे वटारले, त्याच केरळने २०२२ मध्ये तिथल्या फळांपासून कमी अल्कोहोलची वाईन करणाऱ्या लहान युनिटांसाठी वेगळे नियम केले. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती मोहाची दारू करायला सूट आहे आणि बचतगटांना ती ‘हेरिटेज’ म्हणून विकायची सोयही आता केली गेली आहे. गोव्यात फेणीची भट्टी हंगामापुरता परवाना घेऊन लावता येते. परदेशात तर साधा हिशेब आहे. अमेरिकेत दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, वाईन कर न भरता करता येते. विकली की गुन्हा.

इथे मात्र घरची किती, विकायची किती, अशी रेघच ओढलेली नाही. रेघ नसली की दोन गोष्टी होतात. प्रामाणिक माणूस घाबरून गप्प बसतो आणि धंदेवाला बिनधास्त पिंप भरतो, कारण त्याच्यासाठी पाच लिटर आणि पाचशे लिटर यांत जोखमीचा फारसा फरक उरत नाही.

एक दार उघडं आहे, त्याच्याकडे मात्र फार कुणी बघत नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालायचा, किंवा त्यांच्या विक्री-सेवनावर नियंत्रण ठेवायचा अधिकार दिला आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, तलासरी, डहाणू हे पूर्ण आणि वसई, पालघर हे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. आजवर हा अधिकार वापरला गेला तर तो बंदीसाठी, दुकान नको म्हणण्यासाठी. तो योग्यही होता. पण नियंत्रण म्हणजे फक्त बंदी नव्हे. पूजेला किती, घरी किती, बाहेर विकायला बंद, पोरांना देणाऱ्याला दंड, असे ठराव ग्रामसभा करू शकते आणि राज्याकडे सूट मागू शकते. त्यात गावातल्या बायकांचा शब्द शेवटचा असला पाहिजे, कारण दारूची किंमत घरात त्याच मोजतात. एव्हरशाईन सिटीला ग्रामसभा नाही, तिथल्या हौशी मंडळींना आमदाराचंच दार ठोठवावं लागेल.

तोपर्यंत ज्याला फळांतून कायदेशीर पैसे करायचे आहेत त्याच्यासाठी सरबत, गर, जांभळाच्या बियांची पावडर, चिकूचे चिप्स हे मार्ग आहेत. त्याला एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती मोबाईलवरून अर्ज करून होते. प्रशिक्षणाला कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. वाईनच काढायची असेल तर चौकशी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पालघर अधीक्षक कार्यालयात करावी लागते, बरणी भरायच्या आधी. जांभळाचा रस सकाळी गाळला तर ते अन्न. त्यात यीस्ट घालून चार दिवस उकाड्यात ठेवला तर खातं बदलतं, कलम बदलतं आणि दारात येणारा माणूसही बदलतो.